आक्कांची गोळी आणि मी आणलेली बरणी



गेल्या चातुर्मासात माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगून टाकते.

माझ्या थोरल्या नणंद, त्यांना घरात सगळे आक्का म्हणतात. वय एकसष्ट. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून रोज चार गोळ्या चालू. एका ओळखीच्या बाईंकडे मी प्रोबायोटिक कॅप्सूलची बरणी पाहिली. "हृदयासाठी उत्तम, अगदी नैसर्गिक," असं त्या म्हणाल्या. मी आक्कांच्या काळजीपोटी एक विकत घेतली आणि त्यांना नेऊन दिली. देताना मीच चार वाक्यं जास्त बोलले. पोटातले चांगले जंतू कोलेस्टेरॉल कमी करतात, परदेशात तर डॉक्टरच देतात, वगैरे. कुठेतरी वाचलेलं होतं, ते मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं.

आक्कांनी ते नीट ऐकलं आणि कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. मला सांगितलं नाही. मुलालाही नाही.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. आधीच्या रिपोर्टात एल.डी.एल. म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल ७२ होतं, ते १४८ निघालं. डॉक्टरांनी कागद खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "आक्का, दही खा, हवी तर ही कॅप्सूलही खा, पण गोळी बंद करायला कुणी सांगितलं?" आक्कांनी माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणून मला जास्त लागलं.

घरी येताना रिक्षात त्यांनी खरं कारण सांगितलं. ती गोळी रात्री झोपताना घ्यायची होती. चातुर्मासात त्यांनी सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा न घेण्याचा नियम घेतलेला. रोज रात्री तो नियम मोडतोय असं वाटून मन खायचं. "तू ती बरणी दिलीस, मला वाटलं सुटले बाई एकदाची." एवढंच त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी हा विषय जरा मन लावून समजून घेतला. फार्मसी शिकणारी माझी पुतणी मदतीला होती. आपल्या ओळखीतल्या किती घरांत अशा बरण्या आणि पुड्या येऊन पडल्यात, ते मला आता दिसू लागलंय. म्हणून लिहिते.

प्रोबायोटिक म्हणजे काय? २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी मिळून व्याख्या केली, ती सोप्या शब्दांत अशी: पुरेशा प्रमाणात घेतल्यावर तब्येतीला फायदा करणारे जिवंत सूक्ष्म जीव. पुरेशा प्रमाणात हे शब्द महत्त्वाचे आहेत, त्यावर पुढे येते.

कल्पना जुनी आहे. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एली मेचनिकॉफ नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते, १९०८ सालच्या नोबेलचे मानकरी. आंबवलेल्या दुधानं म्हातारपण लांबतं असं त्यांचं मत होतं, आणि ते स्वतः वर्षानुवर्षं रोज आंबट दूध पीत. १९१६ साली, ७१व्या वर्षी ते गेले. कशानं? हृदय निकामी होऊन. यावरून आंबट दूध वाईट असं काही ठरत नाही. पण पुतणीनं हे सांगितलं तेव्हा आक्कासुद्धा हसल्या.

हृदयाशी संबंध जोडला गेला तो नंतर. पूर्व आफ्रिकेतले मसाई लोक आंबवलेलं दूध भरपूर पितात. १९७४ साली जॉर्ज मान या अमेरिकन संशोधकानं काही मसाई तरुणांवर अभ्यास केला. ते इतकं दूध प्यायले की वजन वाढलं, पण रक्तातलं कोलेस्टेरॉल मात्र उतरलं. तिथून शोध सुरू झाला की या जंतूंमध्ये असं आहे तरी काय.

एक कारण आता बरंचसं कळलेलं आहे. आपलं यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवतं. ते आतड्यात उतरतं, तूप-तेल पचवायला मदत करतं, आणि काम झालं की बहुतेक सगळं पुन्हा शोषलं जाऊन यकृताकडे परत जातं. काटकसरी घरासारखं, तेच तेच पुन्हा वापरायचं. काही जंतू आतड्यातल्या या पित्तक्षारांचे तुकडे करतात. मग ते नीट शोषले जात नाहीत, शौचावाटे निघून जातात. यकृताला नवीन पित्त बनवावं लागतं आणि त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. म्हणजे मी आक्कांना सांगितलं ते अगदीच खोटं नव्हतं. अर्धं होतं, आणि अर्धं जास्त घातक.

कारण पुढचा प्रश्न असतो, किती? २०१२ साली कॅनडातल्या संशोधकांनी १२७ जणांवर एक प्रयोग केला. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी जातीचा एक विशिष्ट वाण निवडून त्याच्या कॅप्सूल दिवसातून दोनदा, नऊ आठवडे. रिकाम्या कॅप्सूल घेणाऱ्यांच्या तुलनेत एल.डी.एल. साडेअकरा टक्क्यांच्या आसपास कमी झालं. चांगली गोष्ट आहे. पण आक्कांनी बंद केलेली स्टॅटिनची गोळी मात्रेप्रमाणे पस्तीस ते पन्नास टक्के कमी करते. आणि तो गुण त्या एका वाणाचा. कोणत्याही बरणीतल्या कोणत्याही जंतूचा नव्हे. ज्वारी म्हटली की सगळी मालदांडी होत नाही ना, तसंच.

रक्तदाबाचंही तसंच. २०१४ साली नऊ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. वरचा दाब सरासरी साडेतीन आकड्यांनी खाली आला. फायदा दिसला तो मुख्यतः आठ आठवडे किंवा जास्त काळ, आणि दिवसाला दहा हजार कोटी किंवा जास्त जंतू घेणाऱ्यांत. मी आणलेल्या बरणीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, पाचशे कोटी. आकडा वाचून मीच दिपले होते!

आणखी एक अभ्यास फार सांगितला जातो, २०१८चा. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांना सहा आठवडे एक प्रोबायोटिक पेय दिलं, रक्तवाहिन्यांचं काम सुधारलं. किती जणांना दिलं? वीस. आणि वीसही पुरुष. बायकांच्या हृदयाबद्दल त्यातून काय कळणार ते तुम्हीच ठरवा.

यातल्या कशातही "झटके कमी आले, माणसं जगली" असं सिद्ध झालेलं नाही. आकडे थोडे हलले, एवढंच. स्टॅटिनचं तसं नाही. १९९४ साली स्कँडिनेव्हियात ४४४४ हृदयरुग्णांवरचा मोठा प्रयोग पूर्ण झाला, त्यात गोळी घेणाऱ्यांचे मृत्यू तीस टक्क्यांनी कमी होते. अँजिओप्लास्टी झालेल्या बाईनं या दोन गोष्टी एका तराजूत घालू नयेत. मी घातल्या, आणि तेही दुसऱ्याच्या जिवावर.

आता धर्माची बाजू. हा प्रश्न पुतणीनंच काढला. "काकू, आपण पाणी गाळून पितो, आणि बरणीवर लिहिलंय पाचशे कोटी जिवंत. हे तुम्हाला चालतं कसं?" मी गप्प. मग तिनं बरणी उलटी केली. मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं, कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. हिरव्या ठिपक्याऐवजी तपकिरी खूण होती. बिस्किटाचा पुडासुद्धा मी ठिपका बघितल्याशिवाय उचलत नाही, आणि औषधासारखं दिसलं म्हणून ही बरणी तशीच आणली. तीन महिने आक्का रोज एक गिळत होत्या.

त्या माताजींकडे गेल्या आणि प्रायश्चित्त घेऊन आल्या. माझ्यासाठीही मागून आणलं: महिनाभर साखरेचा त्याग. मी तो पाळला. (वजन दीड किलोनं उतरलं, हा भाग वेगळा.)

जिवंत जंतूंच्या प्रश्नाचं आगमातलं उत्तर मी देणार नाही, तो अधिकार महाराजांचा आणि माताजींचा. घरात पाहिलेलं सांगते. माझ्या सासूबाई दह्याला फार जपत. दूध उकळून निववायचं, आणि चौक्यासाठी असेल तर कालच्या दह्याचं विरजण घालायचं नाही. धुऊन तापवलेलं चांदीचं नाणं किंवा करवंटीचा तुकडा टाकायचा. दही लागलं की आठ प्रहरांच्या आत संपवायचं. दुसऱ्या दिवशीचं आंबट दही आमच्या घरात ताटात येत नसे. वेळ जाईल तशी जीवांची उत्पत्ती वाढते, म्हणून मर्यादा, असं त्या सांगत. म्हणजे दह्यात काही नाही असा त्यांचा भ्रम नव्हता. किती आणि कधीपर्यंत, याचा हिशेब होता. बरणीचा विचार बरोबर उलटा. जितके जास्त कोटी तितकी किंमत जास्त.

म्हणून एखादी मैत्रीण म्हणाली की मला हे प्रोबायोटिक नको, माझ्या नियमात बसत नाही, तर तिला मी म्हणेन, खुशाल सोड. हृदयाच्या दृष्टीनं तू काही गमावत नाहीस. किमची, कोम्बुचा, मिसो अशी नावं मासिकांतून येतात, ती आपल्यापैकी अनेकींना तशीही चालत नाहीत. वाईट वाटून घेऊ नये. आणि ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे किंवा प्रतिकारशक्ती फार कमी आहे, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी बरणी उघडूच नये. क्वचित का होईना, हेच जंतू रक्तात उतरून झडपेला संसर्ग करू शकतात.

दही मात्र सोडू नका. घरच्या दह्यात नेमके कुठले जंतू, किती, हे कुणी मोजलेलं नसतं, म्हणून काटेकोर अर्थानं त्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही. पण अन्न म्हणून ते उत्तम. २१ देशांतल्या एक लाख छत्तीस हजारांहून जास्त लोकांच्या अभ्यासात, ज्यात भारतही होता, दूध-दही नियमित खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघात कमी आढळले. २०१८ साली तो छापून आला. दही खाणाऱ्याचं बाकीचं खाणंपिणंही चांगलं असू शकतं, त्यामुळे श्रेय सगळं दह्याला देता येणार नाही. तरी ताज्या दह्याची वाटी निर्धास्त खावी, साखर न घालता. ताकात मीठ बेतानं.

पोटातल्या जंतूंचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट मला फार पटली. बाहेरून नवे आणण्यापेक्षा आत आहेत त्यांना नीट जेवू घालावं. माणसाच्या अंगात अंदाजे ३८ लाख कोटी जंतू असतात, बहुतेक मोठ्या आतड्यात. त्यांचं जेवण म्हणजे आपल्याला न पचणारा चोथा. याबाबतीत कांदा-लसणाचं नाव नेहमी पुढे असतं. आपण ते खात नाही, म्हणून आपलं अडतं का? अजिबात नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीसकट मूग-मटकी, हरभरा, मेथीदाणे, जवसाची चटणी, कच्ची केळी, सगळं घरातलंच आहे. आणि इसबगोल! अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यानं १९९८ सालीच मान्य केलं की कमी तूप-तेलाच्या जेवणाबरोबर इसबगोलातला विरघळणारा चोथा रोज सात ग्रॅम गेला तर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो. साधारण दहा ग्रॅम भुशीनं एल.डी.एल. सात टक्क्यांच्या आसपास उतरतं. काम करतो तोही पित्त धरून ठेवूनच, वर सांगितलं तसं. किंमत बरणीच्या मानानं काहीच नाही.

एक काळजी मात्र घ्या. इसबगोलाला पाणी भरपूर लागतं, कोरडा घशात अडकू शकतो. ज्यांचा सूर्यास्तानंतर पाण्याचा त्याग आहे त्यांनी संध्याकाळी घाईघाईत घेऊ नये. दुपारी, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावा, आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब. द्विदल पाळणाऱ्यांनी सकाळी भाकरी-दही आणि दिवस मावळायच्या आत उसळ-भाकरी असं वाटून घेतलं की दोन्ही साधतं.

आता थोडं कडू बोलते. शाकाहाराचा हृदयाला फायदा आहेच. मांस आणि अंडी खाल्ली की आतड्यातले जंतू त्यापासून एक द्रव्य बनवतात, यकृत त्याचं टी.एम.ए.ओ. करतं, आणि ते रक्तात जास्त असलेल्यांना झटक्याचा धोका जास्त. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकनं चार हजार लोकांवर तीन वर्षं लक्ष ठेवून २०१३ साली हे मांडलं. शाकाहारी लोकांत ते कमी बनतं. मग आपल्या घराघरांत स्टेंट का? ५२ देशांच्या एका मोठ्या अभ्यासात आपल्या दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आलेला दिसला, इतर देशांत ५९च्या आसपास. साखर, रक्तदाब, पोटाचा घेर, तंबाखू, बसून राहणं, ही कारणं आपल्याला सुटलेली नाहीत.

आणि आपलं स्वयंपाकघर बघा. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, म्हणून काय? शेव, तळलेले पापड, पुऱ्या. पारण्याला तुपातला शिरा. दशलक्षणात एकाशन असलं की त्या एका वेळेला दोन वेळांचं तळण. हरीचा त्याग करून तेलाचा स्वीकार करायला कुठल्या शास्त्रात सांगितलंय? त्यागाच्या दिवशी मुगाचं घट्ट वरण, ज्वारीची भाकरी, भाजलेले शेंगदाणे एवढ्यावर भागतं. मी करून बघितलंय. पहिल्या महिन्यात घरातले कुरकुरले, हे कबूल करते.

राहिला आक्कांचा मूळ प्रश्न, रात्रीची गोळी. खरं दुखणं तिथंच होतं आणि उपाय अगदी साधा निघाला. काही जुन्या स्टॅटिन रात्री घ्याव्या लागतात, पण अॅटोर्वास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दिवसातल्या कुठल्याही ठरलेल्या वेळी चालतात. आक्कांची अॅटोर्वास्टॅटिनच होती. डॉक्टरांना विचारल्यावर त्यांनी चिठ्ठीवर रात्रीचं खोडून सकाळ लिहिलं. दहा सेकंद लागले असतील. "एवढंच होतं तर आधी का नाही बोललात?" ते म्हणाले. आक्का म्हणाल्या, "तुम्ही हसाल असं वाटलं."

मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. आपल्यातल्या कितीजणी अशा रात्रीच्या गोळ्या गुपचूप टाळत असतील. नियम डॉक्टरांना सांगायची लाज वाटते आणि गोळी बंद केली हे घरच्यांना सांगायची भीती. दशलक्षणात दहा दिवस गोळ्या सोडणाऱ्या बायका मी बस्तीत पाहिल्यात. विशेषतः स्टेंट बसल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनानं बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि तेव्हा वेळ मिळत नाही. व्रताच्या आधी आठ दिवस डॉक्टरांकडे जा, कोणत्या वेळेत अन्नपाणी घेता ते स्पष्ट सांगा, चिठ्ठी बदलून घ्या. माताजींनाही विचारा. आक्कांच्या माताजींनी पहिला प्रश्न हाच केला होता, "गोळी चालू केलीस ना?"

आक्का आता सकाळी बस्तीतून दर्शन घेऊन येतात, भाकरी आणि त्याच दिवशीच्या दह्याची वाटी घेऊन बसतात, आणि मग गोळी घेतात. बरणी मी परत आणली, अर्धी भरलेली होती. ती देणाऱ्या बाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनाही जिलेटिनचं माहीत नव्हतं. पुढच्या महिन्यात आक्कांचं रक्त पुन्हा तपासायचंय. मी बरोबर जाणार आहे.